जळगावपर्यंत गप्प

विद्याधर सबनिसांना मुले फार आवडत. फक्त ती बोलत नसली म्हणजे. मुलुंडच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात त्यांनी आपली दोन मुले अशी काही वळणावर आणली होती की आल्यागेल्याने तोंडात बोट घालावे. पाहुणे आले की आठ वर्षांची मृणालिनी हाताची घडी घालून भिंतीला टेकून बसे आणि चार वर्षांचा नंदू तिच्या शेजारी बसे. पाहुणे जाताना म्हणत, "काय शहाणी मुलं हो तुमची, घरात आहेत की नाहीत कळतसुद्धा नाही." हे ऐकले की सबनिसांची छाती वीतभर फुगे. आपली मुले घरात आहेत की नाहीत हे लोकांना कळू नये यात मिरवण्यासारखे काय आहे, हे त्यांना कधी कोणी विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी विचारणाऱ्यालाच शिस्तीवर व्याख्यान दिले असते.

शिस्त हा त्यांचा लाडका विषय. फोर्टातल्या एका विमा कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि फावल्या वेळात वर्तमानपत्रांना पत्रे लिहीत. नळावरच्या बायकांचा कलकलाट, चाळीतली पोरे, गाडीत मोठ्याने बोलणारी माणसे, यांतल्या कोणाचीही त्यांच्या लेखणीतून सुटका नव्हती. स्वराज्य मिळून आठ वर्षे झाली तरी लोकांना गप्प बसता येत नाही, हे त्यांचे देशाबद्दलचे सगळ्यात मोठे दुःख होते. देशाला दुसरीही काही दुःखे असतील, हे त्यांच्या गावीही नव्हते.

अशा या गृहस्थावर गेल्या उन्हाळ्यात एक प्रसंग आला. बायकोच्या, म्हणजे कुंदाच्या माहेरी, जळगावला जाताना तीन वर्षांच्या नंदूने कल्याणपासून जे तोंड उघडले ते चाळीसगावपर्यंत मिटले नाही. तारेच्या खांबांवर कोण चढते, इंजिनाला तहान का लागते, बोगद्यात रात्र कोणी ठेवली, असे एकामागून एक. त्याला उत्तर कोणी दिले नाही. मग ते पोर रडू लागले. समोरच्या बाकावरचा एक कोटवाला गृहस्थ वर्तमानपत्र खाली करून म्हणाला, "मुलांना वळण नाही वाटतं?" हे वाक्य सबनिसांच्या काळजात रुतून बसले. वर्षभर त्यांनी ते कोणाला सांगितले नाही आणि विसरलेही नाहीत.

यंदा पुन्हा जळगाव आले. कुंदाच्या भावाच्या मुलाची मुंज होती, टाळणे शक्य नव्हते. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला कुंदा ट्रंक भरत होती.

"त्याचा लाकडी घोडा घेऊ का बरोबर?" तिने भीत भीत विचारले.

"घोडा? गाडी आहे ती, बालवाडी नाही."

"मग निदान चित्रांचं पुस्तक. सगळा दिवस काढायचाय. तेवढा वेळ तो करील काय?"

"बसेल," सबनीस म्हणाले. "माणसं प्रवासात बसतात. त्यानेही बसायचं." मग त्यांनी दोन्ही मुलांना समोर उभे केले आणि बजावले, "उद्या गाडीत बसल्यापासून जळगावपर्यंत गप्प. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. समजलं?"

मृणालिनीने मान हलवली. नंदूने तिच्याकडे बघून हलवली.

पण नुसत्या बजावण्यावर विसंबून राहणारे हे गृहस्थ नव्हते. कचेरीतल्या मार्तंड नावाच्या सहकाऱ्याने त्यांना एक उपाय सांगितला होता. "अहो, बाळगोळी द्या एक. आमच्या आईने आम्हाला त्यावरच वाढवलं. पोरगं जळगाव येईपर्यंत हलायचं नाही." घाटकोपरच्या एका काष्ठौषधीवाल्याकडून मार्तंडाने ती काळपट गोळी स्वतः आणून दिली होती. तीत अफू असते हे सबनिसांना ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. वाईट गोष्टीला बाळाचे नाव दिले की ती आपल्याला वाईट दिसेनाशी होते, आणि सबनीस आपल्यापेक्षा निराळे नव्हते. कुंदाला त्यांनी यातले काही सांगितले नाही. बायकांशी असल्या गोष्टी बोलत बसायचे नसते, असे त्यांच्या घराण्यातले वळण.

आणि गंमत बघा, कुंदानेही काही सांगितले नाही. गेल्या वर्षीच्या प्रवासानंतर नवरा पंधरा दिवस तिच्याशी धड बोलला नव्हता. ती धास्ती मनात घेऊन ती दुपारीच खालच्या वनमालाबाईंकडे जाऊन आली होती. वनमालाबाईंनी नातवाच्या डबीतली एक बाळगोळी पुडीत बांधून दिली. सकाळी निघण्यापूर्वी कुंदाने ती मृणालिनीदेखत गुळाच्या खड्यात दाबून नंदूला भरवली. नवऱ्याला सांगितले तर तो म्हणेल, आई असून तुला एक पोर सांभाळता येत नाही; म्हणून तीही गप्प बसली.

मुलुंडहून पहिली लोकल पकडून मंडळी कल्याणला उतरली. भुसावळकडे जाणारी पॅसेंजर यायला थोडा अवकाश होता. कुंदा नळावर तांब्या भरायला गेली तेवढ्यात सबनिसांनी कोटाच्या खिशातून आपली गोळी काढली, साखरेच्या चिमटीबरोबर नंदूच्या जिभेवर ठेवली आणि वर पाणी पाजले. शेजारी मृणालिनी ट्रंकेवर बसली होती. ती बघत होती, पण मुलांच्या बघण्याकडे लक्ष द्यायची सबनिसांना सवय नव्हती.

गाडी आली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली खरी, पण समोरच्या बाकावर नजर जाताच सबनिसांचे तोंड कडू झाले. तिथे एक कोकणातले जोडपे गाठोडी पसरून बसले होते. पुरुषाचे नाव धाकू आणि बाईचे जानकी, हे त्यांच्या मोठ्या आवाजातल्या बोलण्यावरून पाच मिनिटांत सगळ्या डब्याला कळले. तो घाटकोपरच्या एका कारखान्यात फिटर होता. ती पूर्वी परळला गिरणीत होती, आता घरी होती. दोघे नाशिक रोडला धाकूच्या भावाकडे लग्नाला निघाली होती. बरोबर पाच वर्षांचा मुलगा होता आणि त्याला ती दोघे चंद्रप्रकाश अशी हाक मारीत. फिटरचे पोर आणि नाव चंद्रप्रकाश! सबनिसांना मनातल्या मनात हसू आले.

हे चंद्रप्रकाश महाशय बाकावर उभे होते. त्यांचा आपल्या आईशी एक खेळ चालला होता. पुढच्या स्टेशनाचा फलाट डाव्या अंगाला येणार की उजव्या, हे आधी सांगायचे. जो चुकेल त्याने पुढचे स्टेशन येईपर्यंत एका पायावर उभे राहायचे किंवा बसल्या जागी बेडकासारखे ओरडायचे. शहाडला जानकी चुकली आणि ती चाळिशीला आलेली बाई सगळ्यांसमक्ष डराव डराव करून ओरडली. डब्यातली माणसे हसली. आंबिवलीला पलीकडच्या बाकावरचे एक पागोटेवाले म्हातारबुवाही खेळात शिरले. टिटवाळ्याला अर्धा डबा डावे-उजवे करू लागला.

"थर्ड क्लासचा डबा म्हणजे नुसता बाजार," सबनीस कुंदाला म्हणाले, समोरच्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "बाईमाणसाने एवढ्या लोकांत बेडूक व्हायचं. यांची मुलं उद्या काय होणार?"

जानकीने ते ऐकले. ती नुसती हसली आणि नंदूकडे वळली. "तू सांग रे बाळा. डावीकडे की उजवीकडे?"

नंदूचे डोळे लकाकले. त्याने तोंड उघडले, मग बापाकडे पाहिले आणि मिटले.

"आमची मुलं प्रवासात बोलत नाहीत," सबनीस म्हणाले.

"कित्याक? आजारी आसत काय?"

 सबनिसांनी वर्तमानपत्र उघडले. आसनगाव गेले तोवर नंदूची मान आईच्या दंडावर कलली होती आणि मृणालिनी हाताची घडी घालून समोर बघत होती. सबनिसांनी डब्यावरून एक नजर फिरवली. सगळीकडे गोंधळ आणि आपल्या बाकावर कशी शांतता! यावर एक पत्र लिहायला हरकत नाही, असे त्यांच्या मनात आले. पत्राचा मथळासुद्धा सुचला.

मथळा सुचला त्या वेळी त्यांचा मुलगा मरणाच्या वाटेला लागला होता, आणि ते हातभर अंतरावर बसले होते.

खर्डी सोडल्यावर चंद्रप्रकाशने नंदूला चिंचोके दाखवायला त्याचा हात ओढला. हात ओढला तसा आला आणि सोडला तसा पडला. "आये, ह्यो उठना नाय," चंद्रप्रकाश म्हणाला.

"झोपलाय तो. त्रास देऊ नकोस," सबनीस वर्तमानपत्रामागून म्हणाले.

पण जानकी पुढे वाकली होती. तिचे हसणे थांबले होते. तिने नंदूच्या कपाळाला हात लावला. ते गार आणि ओले होते. तिने बोटाने पापणी वर केली. आतली काळी बाहुली मोहरीएवढी झालेली. ओठांवर निळसर छटा होती आणि श्वास इतका सावकाश होता की पुढचा येतो की नाही याची वाट बघावी लागत होती.

"तुमी ह्या पोराक काय दिलास?" तिने विचारले.

"हे बघा बाई, आमच्या घरच्या गोष्टीत—"

"बाळगोळी दिलास?" तिचा आवाज चढला. "किती?"

सबनिसांनी वर्तमानपत्राची घडी घातली. पण घडी नीट बसेना. "एकच. साधी बाळगोळी. सगळे देतात."

कुंदाचा चेहरा पांढराफटक पडला.  तेव्हा मृणालिनीने शाळेत वर करतात तसे बोट वर केले.

"बाबा, बोलू?"

"बोल की गं पोरी," जानकी ओरडली.

"आईनेपण दिली. सकाळी, गुळातून. आणि बाबांनी कल्याणला दिली. दोन झाल्या."

"अगं मग सांगितलं का नाहीस?" सबनीस ओरडले. 

"तुम्ही म्हणाला होता, जळगावपर्यंत गप्प. काही झालं तरी."

त्या आठ वर्षांच्या मुलीच्या बोलण्यात राग नव्हता. तिला जे शिकवले होते तेच तिने केले होते, आणि उत्तम केले होते. 

जानकीने मात्र कोणालाही सावरायची संधी दिली नाही. तिने नंदूला उचलून आपल्या मांडीवर उभे केले, तोंडावर तांब्यातले पाणी मारले, तळपायांवर चापट्या मारल्या. नंदू कण्हला. "निजाक देऊ नको ह्याका," ती म्हणाली. "ह्यो निजलो तर गेलो. डाक्टर मिळेपर्यंत जागो ठेवूक होयो."

कसाऱ्याला गाडी थांबायला आली. घाट चढायला मागून इंजिने जोडायची होती. धाकूने चालत्या गाडीतूनच उडी टाकली आणि गार्डाच्या डब्याकडे धावला. परत आला तो धापा टाकीत. "हयसर डाक्टर नाय. गार्डान फोन केलो हा. इगतपुरीक रेल्वेचो डाक्टर फलाटावर येतलो. घाट चढूक पाऊण तास."

पाऊण तास. पाऊण तास एका मुलाला जागे ठेवायचे होते. कुंदा हुंदके देत नंदूचे हात चोळू लागली. सबनीस त्याच्यासमोर वाकले आणि त्यांना येत होते ते त्यांनी केले.

"नंदू, डोळे उघड. उघड म्हणतो ना! ऐकायचं मोठ्यांचं."

नंदूचे डोळे किलकिले होते तेही मिटले.

"हुकूम नको देऊ," जानकी म्हणाली. "हुकूम ऐकान पोर कशाला जागं राहील? खेळवा त्याला. हसवा. काय आवडतं त्याला? कुठलं गाणं, कुठली गोष्ट?"

 विमा कचेरीतल्या साठ माणसांपैकी कोणाला चहात किती साखर लागते हे सबनिसांना ठाऊक होते. आपल्या मुलाला काय आवडते हे त्यांना सांगता येईना. डबाभर माणसे त्यांच्याकडे बघत होती. ज्यांना ते बाजार म्हणाले होते तीच माणसे, आणि त्यांच्या नजरेत कीव होती. सबनिसांना आयुष्यात कोणाची कीव आली असेल, पण त्यांची कोणी कीव केलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

त्यांनी मृणालिनीकडे पाहिले. "मिनू, त्याला काय आवडतं गं?"

"भाजीवाला," ती हळूच म्हणाली. "तुम्ही कचेरीत गेलात की आम्ही खेळतो. मी भाजीवाला होते आणि ओरडते. तो म्हणतो, नको, किडकी आहे."

आणि गाडीने घाट चढायला सुरुवात केली तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या त्या डब्यात विद्याधर सबनीस, हेडक्लार्क, सार्वजनिक शांततेचे पुरस्कर्ते, डोक्यावर पंचा बांधून ओरडू लागले, "भाजीय्ये! भेंडी घ्या, गवार घ्या!" पहिली हाक घशातच अडकली. दुसरी जरा मोठी आली. नंदूच्या पापण्या थरथरल्या.

"भेंडी घ्या हो, कोवळी भेंडी!"

"नको," नंदूचे ओठ हलले. "किडकी."

डब्यातून एकच आनंदाचा गलका उठला. "वांगी घ्या," पागोटेवाले म्हातारबुवा ओरडले. "पडवळ घ्या," दाराशी उभा असलेला एक जण ओरडला. चंद्रप्रकाश पत्र्याचा डबा बडवू लागला. मृणालिनी आधी इकडे तिकडे बघत होती. बापाने तिला मान हलवून सांगितले तशी तिने हाताची घडी सोडली आणि असा काही भाजीवाल्याचा सूर लावला की मुलुंडच्या गल्लीतला खरा भाजीवाला लाजावा. बोगदा आला की अंधारात नंदूची मान पडे, तसा सगळा डबा मिळून ओरडे. जानकी त्याच्या पायांना चापट्या मारी, कुंदा तोंडावर पाणी शिंपडी. सबनीस बेडूक झाले, कोंबडा झाले, गाढव झाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोंडाने ते गाढवासारखे ओरडत होते.

मध्ये एकदा बराच वेळ नंदूने उत्तर दिले नाही. तेव्हा सबनीस जानकीला म्हणाले, "वाचेल ना हो तो?"

"माका काय म्हायत," जानकी म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "माझी वाचली नाय. पहिली मुलगी. मी गिरणीत साच्यावर कामाला, घरात बघूक कोण नाय. चाळीतल्या सगळ्या बायका गोळी देऊन जायच्या, मी पण दिली. संध्याकाळी आले तर ती तशीच झोपलेली होती." मग तिने प्रथमच मान वर करून त्यांच्याकडे सरळ पाहिले. "माझ्या मागे मुकादम होता. नाय गेले तर काम जायचं, मग खायचं काय? तुमच्या मागे कोण होता हो? तुमी तर बसून येत होतास गाडीतून."

सबनिसांच्या मागे कोण होते? एक कोटवाला गृहस्थ. त्याने वर्षापूर्वी चार शब्द उच्चारले होते आणि पुढच्या स्टेशनवर उतरून तो ते विसरलाही असेल. त्याच्यासाठी सबनिसांनी आपल्या मुलाच्या जिभेवर विष ठेवले होते. लाजेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. ते पुन्हा पंचा सारखा करून ओरडू लागले.

इगतपुरी आली. फलाटावर डॉक्टर, कंपाउंडर आणि स्ट्रेचर तयार होते. वेटिंग रूममध्येच डॉक्टरांनी नंदूचे पोट धुऊन काढले, सुई टोचली, नाडी धरून बसले. इथे इंजिन बदलते म्हणून गाडी थांबते. डब्यातली निम्मी माणसे वेटिंग रूमच्या दाराशी जमली होती. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी मान वर केली.

"जगेल. पण वाटेत झोपला असता तर मला फक्त सर्टिफिकेट लिहायचं काम राहिलं असतं." त्यांनी कागद पुढे ओढला. "अफूचा मामला आहे, मला लिहावं लागेल. कोणी दिली?"

 डॉक्टरांनी सबनिसांच्या कोटाकडे, टोपीकडे पाहिले. मग नंदूचे पाय धरून बसलेल्या जानकीकडे पाहिले, तिच्या फाटक्या पदराकडे पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही बाई कोण? हिच्याजवळ होतं का मूल? या मजूर बायकांना कितीदा सांगितलं तरी—"

वाचकहो, माणसाचे पाणी अशा वेळी कळते. सबनिसांना काही करायचेच नव्हते. नुसते गप्प बसायचे होते, आणि त्या कलेत तर त्यांच्या घराण्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ते गप्प बसले असते तर डॉक्टरांनी आपल्या मनचेच लिहिले असते. जानकीच्या शब्दाला तिथे कोण विचारणार होते? सबनिसांची नोकरी, अब्रू, नातलगांतला मान, सगळे एका गप्प बसण्याने शाबूत राहिले असते.  कुंदा त्यांच्याकडे बघत होती. मृणालिनीही बघत होती. जानकी मात्र बघत नव्हती. तिने मान खाली घातली होती. पुढे काय होणार हे तिला माहीत होते, आयुष्यात हे तिने पुष्कळ वेळा पाहिले होते.

"मी दिली," सबनीस म्हणाले. "लिहा. विद्याधर सबनीस, बाप. एक मी दिली आणि एक माझ्या भीतीने माझ्या बायकोने. मुलगा गाडीत बोलू नये म्हणून. या बाईंनी त्याला वाचवलं. तेही लिहा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. "मुलगा बोलू नये म्हणून?"

"हो."

"पोपट पाळणारेसुद्धा तुमच्यापेक्षा बरे," डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले. हा अपमान भरल्या खोलीत झाला आणि सबनिसांनी मान खाली घालून तो घेतला. त्यांना तो कमीच वाटला.

गाडीची शिट्टी झाली. धाकू दारातून हाका मारू लागला. जानकी उठली, पदर सावरला. सबनिसांनी तिला हात जोडले. 

"खरां बोललास," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं. आता पोराशी पण बोला तेवढं." एवढे बोलून ती गेली.

"संध्याकाळपर्यंत याला झोपू द्यायचं नाही," डॉक्टरांनी जाताना बजावले. "बोलत राहा त्याच्याशी."

जळगावची मुंज गेली ती गेलीच. इगतपुरीच्या फलाटावर, कडुनिंबाखालच्या बाकावर, सबनीस मुलाला मांडीवर घेऊन दिवसभर बसून राहिले. नंदू अशक्त आवाजात विचारी, इंजिन पाणी का पितं, डोंगराच्या पोटात भोक कोणी पाडलं, आणि ते उत्तर देत. निम्मी उत्तरे त्यांना येत नव्हती. तेव्हा ते एका हमालाला विचारीत, सिग्नलवाल्याला विचारीत, आणि तो म्हणे ते मुलाला सांगत. मृणालिनी आधी बाकाच्या कडेवर बसली होती. दुपारी केव्हा तरी तिनेही एक प्रश्न विचारला. मग दुसरा विचारला. आठ वर्षे साठलेले होते, ते संपायला संध्याकाळ पुरली नाही.

मंडळी, सबनीस हे काही जगावेगळे राक्षस नव्हेत. तुमच्या-आमच्या घरात, बैठकीच्या खोलीत ते रोज बसलेले असतात. मूल गप्प असले की त्याला शहाणे म्हणायचे आणि बोलले की त्याला वळण नाही म्हणायचे, ही आपली जुनी खोड. ती आपण शिस्त या नावाखाली चालवतो. खरी गोष्ट एवढीच की आपल्याला मुलांशी बोलायचा कंटाळा येतो आणि चार परक्या माणसांची भीती वाटते. या कंटाळ्यापायी आणि भीतीपायी कोणी गोळी देतो, कोणी बागुलबुवा दाखवतो, कोणी नुसते डोळे वटारतो. मूल आतून विझते ते या सगळ्यांनी सारखेच. लांबच्या प्रवासाला मुलांना घेऊन निघाल तेव्हा खाऊ घ्या, चिंचोके घ्या, लाकडी घोडाही घ्या; पण मुलाला रमवायला आईबाप लागतात, ते आधी बरोबर आहेत की नाहीत ते पाहा. आणि शेजारच्या बाकावरचा कोटवाला गृहस्थ नाक मुरडील, तर त्याला खुशाल मुरडू द्या. तो पुढच्या स्टेशनवर उतरणार आहे. मुले तुमची आहेत.